लॉर्डसाहेबांचा चेहरा

इंग्लंडच्या उमरावांबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं कर्जतजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये समजलेलं आहे. त्यातलं खरं किती, सीरिज लिहिणाऱ्यानं पदरचं घातलेलं किती आणि मला चुकीचं कळलेलं किती, हे मला आजही सांगता येत नाही. त्यामुळे इतिहासाच्या प्राध्यापकांनी हा लेख सोडून पुढचं पान उलटलं तरी माझी तक्रार नाही.

मी मूळचा चौकचा. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरच्या एका गॅरेजच्या दारात बसून ट्रकच्या पाठीवर मोर, कमळं आणि मालकाच्या मुलांची नावं काढायचो. आसपासच्या ढाब्यांच्या पाट्याही माझ्याच हातच्या. जोडीला आणखी एक काम असायचं. घरातलं माणूस गेलं की लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि त्यावरून मोठी तसबीर करून मागायचे. चेहरा नखाएवढा, तोही हललेला. त्यातून मी अख्खा माणूस उभा करायचो, कपाळाला गंध लावायचो, अंगात कोट घालायचो. हयातीत त्याच्याकडे कोट नसला तरी तसबिरीत असायचाच. मग फ्लेक्स आलं आणि पाट्याही गेल्या, तसबिरीही गेल्या. मी ब्रश उचलून कर्जतजवळच्या एका सिनेमाच्या स्टुडिओत गेलो आणि सेट पेंटर झालो.

सेट पेंटर म्हणजे कोण, हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. सुतार प्लायचा खांब करून देतो, तो संगमरवरी दिसायला लावणं हे माझं काम. पांढऱ्या रंगावर करड्या रंगात बुडवलेलं कोंबडीचं पीस तिरकं ओढलं की दगडातली शीर उमटते. कोरं दार जुनं करायचं तर जिथे माणसाचा हात लागतो तिथला रंग घासून काढायचा आणि कोपऱ्यांत काळपट पाणी मारायचं. कधी खऱ्या दुकानाची पाटी एका दिवसापुरती बदलावी लागते. तिथे ऑइल पेंट चालत नाही. पोस्टर कलरमध्ये थोडं साबणाचं पाणी घालायचं, म्हणजे तो तेलकट रंगावरही धरतो आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसला की खालची मूळ पाटी जशीच्या तशी बाहेर येते.

या पोस्टर कलरपायी एकदा कर्जतच्या बाजारात चांगलीच गंमत झाली होती. एका शेटजींचं किराणा दुकान आम्ही दिवसभरासाठी देशी दारूचं दुकान केलं. नेमके त्याच दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. शेटजी ओला फडका घेऊन स्वतःच पाटीवर धावले. अजून शॉट व्हायचा होता, म्हणून आम्ही चौघांनी त्यांना धरून ठेवलं. लग्न जमलं ते जमलंच. पाहुण्यांना पाटी बघून उलट बरं वाटलं होतं, असं नंतर कानावर आलं.

तर ते लंडनचं काम. मी निवृत्तीला टेकलेलो असताना ही वेबसीरिज आली. एकोणिसावं शतक सरून विसावं लागलं, तो काळ. लंडनच्या एका उमराव घराण्यातली सून. तिचा सासरा मोठा लॉर्ड, पण त्याला गाणाऱ्यांचा आणि चित्रं काढणाऱ्यांचा भयंकर तिटकारा. तो मरतो आणि सून त्याच दिवाणखान्यात दर गुरुवारी कवी, गवई, चित्रकार गोळा करायला लागते. त्यांना जेवू घालते, त्यांची चित्रं विकत घेते, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून सासरा हे सगळं बघत बसतो.

सानिका नावाची नाशिकची हुशार मुलगी आर्ट डायरेक्टरच्या हाताखाली होती. मला ती काका म्हणायची आणि हे सगळं समजावून सांगायची. मी जितकं ऐकत गेलो तितका माझा गोंधळ वाढत गेला.

म्हणजे बघा, एखाद्या बाईकडे भेटायला जायचं तर दारात आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं, त्याचा कोपरा दुमडायचा आणि न भेटताच परत जायचं. बाईसाहेब आत बसलेल्या असल्या तरी नोकरानं “घरी नाहीत” म्हणायचं.

“म्हणजे खोटं बोलायचं?” मी विचारलं.

“खोटं नाही, काका. आलेल्या बाईलाही माहीत असतं की त्या आत आहेत.”

“मग?”

“मग काही नाही. ती निघून जाते. कुणालाच वाईट वाटत नाही.”

मी ब्रश खाली ठेवला. आमच्याकडे घरी असून नाही म्हटलं तर तीन पिढ्या भाषण बंद होतं.

दुःखाचे रंगसुद्धा त्या लोकांनी ठरवून ठेवलेले. आधी काळा, मग करडा, मग फिका जांभळा. दुःख कुठपर्यंत उतरलं ते कपड्यांवरून दुसऱ्याला कळलं पाहिजे. पेंटर म्हणून मला हे मनापासून आवडलं, माणूस म्हणून काही पटलं नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ दारांचा. सेटवर दोन दारं होती. पुढचं पाहुण्यांचं, मागचं नोकरांचं आणि शिंप्या-सुतारांचं. कुठलं दार किती झिजवायचं हे मला कळायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, चित्रकार कुठल्या दारानं यायचा?

“पुढच्या,” सानिका म्हणाली. मग विचार करून म्हणाली, “पण जेवायला बसल्यावर आपण चुकून पुढच्या दारानं आलो, असं त्याला वाटत राहायचं.”

“तो बाईसाहेबांची चित्रं काढायचा ना? मग त्याचं चित्र कोण काढायचं?”

“बहुतेक कुणी नाही, काका.”

मी दोन्ही दारं सारखीच झिजवली.

आता तसबीर. जुनं खरं चित्र वापरायचं तर कुणाकुणाच्या परवानग्या घ्याव्या लागतात, त्यामुळे लॉर्डसाहेब नव्यानं रंगवायचे ठरले. चेहरा कुणाचाही चालेल, फक्त रुबाबदार हवा, असं सांगण्यात आलं. पण मला मनानं चेहरा काढता येत नाही. समोर काहीतरी लागतं. मी शेडच्या बाहेर आलो आणि गेटवर बाळाराम दिसला.

बाळाराम माझा जुना दोस्त. खालापूरकडच्या डोंगराखालच्या गावचा. सकाळी भाताच्या खाचरात आणि दुपारनंतर निळा युनिफॉर्म चढवून स्टुडिओच्या गेटवर. नाक धारदार, मिशा कल्लेदार आणि नजर अशी की निर्मातासुद्धा गाडीची काच खाली करून आपलं नाव सांगायचा. मी त्याला लाल कोट चढवून खुर्चीत बसवलं.

“अरं पेंटर, मोबाईलवर काड की फोटू. दोन मिंटाचं काम.”

“मोबाईलमध्ये तू वॉचमन दिसशील.”

“मंग हितं कोन दिसनार?”

“लॉर्ड.”

“म्हंजे सरपंच?”

“त्याहून मोठा. पाच-पन्नास गावांचा मालक.”

“आन् करतो काय त्यो?”

“काही नाही.”

बाळारामनं पाय लांब केले. “ह्ये काम आपल्याला जमंल,” म्हणाला.

पण त्याला फार वेळ बसवत नव्हतं. छातीत कळ यायची. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन सांगितलेलं होतं आणि तारीखही दिलेली होती. कळ आली की तो मिशीवर हात ठेवून इकडेतिकडे बघायचा, आणि ओसरली की ओठाच्या डाव्या कोपऱ्यात हसू दाबून बसायचा. त्याला आपण लॉर्ड झालो याचंच हसू येत होतं. मी ते हसू चित्रात ठेवलं. अख्ख्या गावाला त्यानं सांगून टाकलं की आता मी टीव्हीवर दिसणार, तेही इंग्रजांचा मालक म्हणून.

वॉर्निश सुकलं, तसबीर सोनेरी चौकटीत बसली आणि दिवाणखान्यात चढली. शूटिंगची सुरुवात सासऱ्याच्या मृत्यूच्या प्रसंगापासून होती. त्या दिवशी सकाळीच बाळाराम बायकोला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. त्याआधी आपला थाट तिनं एकदा बघावा, एवढीच त्याची हौस.

हिरावहिनींच्या हातची तांदळाची भाकरी मी कितीदा खाल्ली असेल. बाई बोलायला मोकळी, पण उगीच आवाज चढवणारी नव्हे. त्यांनी दिवाणखान्याच्या दाराशी चपला काढल्या. आमचा प्लायचा संगमरवर त्यांना खरा वाटला याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदातच मी तसबिरीकडे पाहिलं. सेटवरचं सामान मांडणाऱ्या प्रॉपर्टीवाल्यांनी तेवढ्यात आपलं काम उरकलं होतं. चौकटीवरून काळं कापड सोडलेलं, खाली पांढऱ्या फुलांचा गुच्छ, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या.

वहिनी जागच्या जागी थांबल्या.

“ह्ये काय वं, भाऊ?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“मानूस माज्या शेजारी हुबा हाय. उद्या त्याची छाती फाडनार हायेत. आन् तुमी त्याला भितीवर टांगून फुलं वायली?”

बाळाराम हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. तो तसबिरीकडे बघत राहिला आणि त्याचा हात छातीवर गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर मी ज्या तसबिरी केल्या त्या सगळ्या गेलेल्या माणसांच्या. आमच्याकडे भिंतीवर एवढा मोठा चढतो तो गेलेलाच. जिवंत माणूस समोर बसवून काढलेलं हे माझं पहिलंच चित्र होतं, आणि त्याला काळं कापड लागलं होतं.

सानिका धावत दिग्दर्शकबाईंना सांगायला गेली आणि परत येऊन म्हणाली, “मॅडम सेटवर नाहीयेत.” मॅडम समोरच मॉनिटरमागे हेडफोन लावून बसलेल्या दिसत होत्या. ते आत असून “घरी नाहीत” म्हणायचं प्रकरण मला तेव्हा एकदम समजलं. हिरावहिनींना काही समजलं नाही. त्या सरळ मॅडमपुढे गेल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या.

मॅडम वाईट नव्हत्या, आणि त्यांचंही खरं होतं. प्रसंगच दुखवट्याचा. काळं कापड काढलं तर सीन राहत नव्हता आणि तसबीर काढली तर पुढची सगळी कथाच राहत नव्हती. लंडनहून आलेली नायिका काळ्या झग्यात घामाघूम होऊन बसली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण चित्र माझं. मी वहिनींची समजूत घालायला गेलो.

“वहिनी, हे सगळं खोटं आहे. आणि मरणाची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात ना?”

वहिनींनी माझ्याकडे मान वर करून बघितलं.

“आसं? मंग तुमचं वाडवा की. लावा तितं तुमचं तोंड.”

खरं सांगतो, मी घाबरलो. तोंडानं मी खोटं खोटं म्हणत होतो, आणि त्या काळ्या कापडाखाली आपला चेहरा जाणार म्हटल्यावर मला घरातली माणसं आठवायला लागली. जर ते खोटंच होतं तर मी घाबरलो कशाला? आणि खरं असेल तर बाळारामला तिथे कसा टांगला? मी कापड बाजूला केलं, तसबीर खाली उतरवली आणि रंग मागवले.

सेटवरचा मोठा सोनेरी आरसा समोर ठेवून मी स्वतःला बघत बघत बाळारामवर चढायला लागलो. स्वतःचा चेहरा मी कधी काढलेला नव्हता. माझं नाक एवढं बसकं आहे हे मला त्या दिवशी समजलं. मिशा मात्र त्याच्याच ठेवल्या, तशा मला कधी आल्याच नाहीत. ऑइलमध्ये करू शकलो असतो, पण हात पोस्टर कलरकडे आणि साबणाच्या पाण्याकडे गेला. का गेला ते विचारू नका.

वहिनी शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या.

“डोळं ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या.

“करतो.”

“आन् ह्ये हायेत तवर ह्यांचं तोंड हितं पुन्यांदा दिसाय नको. बोला.”

“नाही दिसणार, वहिनी.”

मग त्या उठल्या, बाळारामला हाताला धरून घेऊन गेल्या. काळं कापड परत चढलं. मॅडमनी मॉनिटरमधून पाहिलं आणि म्हणाल्या, “आधी लॉर्ड भारदस्त होते, आता जरा गोंधळलेले दिसतायत. पण बरं आहे, सुनेपुढे सासरा गोंधळलेलाच शोभतो.”

बाळारामचं ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर म्हणाले वेळेवर आला म्हणून वाचला. हिरावहिनी म्हणाल्या तोंड पुसलं म्हणून वाचला. माझा दोन्हींवर थोडा थोडा विश्वास आहे. सीरिज लागली तेव्हा काळ्या कापडाखाली मला बघून आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

बाळाराम परत गेटवर रुजू झाला, पण माझ्यावर रुसून.

“गावात समद्यांना सांगितलं मी लॉर्ड झालोय. आन् टीवीवर कोन, तर तू! कवा पुसतोस तुजं थोबाड?”

“तू जिवंत आहेस तोवर नाही.”

“मंग ऱ्हाऊ दे बाबा, ऱ्हाऊ दे,” म्हणून तो हसायचा. पण पुढच्या खेपेला परत विचारायचाच.

मी निवृत्त झालो. तसबीर मात्र नोकरीत राहिली. गोडाऊनमधून निघून ती कधी पारशी शेट झाली, कधी गोव्याचा जमीनदार. शेवटी तो दिवाणखानाच स्टुडिओनं पाडायचा नाही असं ठरवलं, कारण लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी तिथे रांग लावायला लागली. लंडनचं घर, इंग्रजी कपडे भाड्यानं, आणि वर भिंतीवर मी.

ऑपरेशननंतर बाळारामला दोनेक वर्षं मिळाली. यंदा भात पोटरीला आलं होतं तेव्हा तो गेला. झोपेतच गेला. तेरावं झालं आणि हिरावहिनी चौकला माझ्या दारात आल्या. चहा नको म्हणाल्या. बसल्याही नाहीत.

“भाऊ, आता पुसा.”

आम्ही रिक्षानं स्टुडिओत गेलो. गोडाऊनवाल्याला बाळारामही माहीत होता आणि तसबिरीची गोष्टही. “दादाचीच आहे ती, घेऊन जा,” म्हणाला. दिवाणखान्यात एक जोडपं फोटो काढत होतं. मुलाच्या अंगात शेपटीचा कोट, मुलीच्या डोक्यावर पिसाची हॅट. मी तसबिरीखाली जाऊन उभा राहिलो तर फोटोग्राफर म्हणाला, “काका, फ्रेममधून बाजूला व्हा ना.” मुलीनं वर बघून विचारलं, हे कोण आहेत? “कोणीतरी इंग्लिश राजा,” तो म्हणाला. मी त्या राजाच्या अगदी खाली उभा होतो, तरी माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तसबीर उतरवून मी खांबाला टेकवली. वहिनींनी बादली धरली. आधी कपाळ पुसलं, मग गाल. माझं बसकं नाक गेलं आणि त्याचं धारदार नाक वर आलं. मिशा होत्या तिथेच होत्या. डोळ्यांपाशी माझा हात थांबला, मग तेही पुसले. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातलं दाबलेलं हसू निघालं तेव्हा वहिनींनी बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. फोटोग्राफरनं कॅमेरा कधीच खाली घेतला होता.

“वहिनी, लाल कोट काढून सदरा करू का? दोन दिवसांत करून देतो.”

“नको. ऱ्हाऊ द्या. शोबतोय त्यानला.”

कानाच्या पाळीपाशी माझा थोडासा रंग राहिला होता. वहिनींनी माझ्या हातातला फडका घेतला आणि तो स्वतः पुसला, सावकाश, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा.

“भाऊ,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्या दिसापासनं तुमचं तोंड त्या काळ्या फडक्याखाली माज्या डोळ्याम्होरनं हाललं नाय. मीच लावलं ना तितं. म्हनून रोज सांजच्याला दोन दिवं लावीत व्हते. येक ह्यांच्या नावानं, येक तुमच्या.”

ज्यांच्या भिंती आयुष्यभर रंगवल्या त्यांच्यातल्या कुणाला माझं नावही धड माहीत नव्हतं. आणि डोंगराखालच्या एका घरात माझ्या नावानं दिवा लागत होता.

वहिनींनी फडका पिळला, बादलीच्या काठावर टाकला आणि जरा संकोचून विचारलं, “तुमचा आता बंद केला तर चालंल ना?”

चालेल, मी म्हणालो.